तळघरात हवा नको

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ६.
गावच्या सामाईक भट्टीवर आज आमच्या घराची पाळी. निघण्याआधी चार ओळी. ह्या खेपेची बिअर पिंपांत भरली जाईपर्यंत तिला हवा लागू द्यायची नाही. निश्चय पक्का आहे. वही त्यासाठीच काढली. गुरांच्या औषधांच्या दुकानात फुकट मिळाली. प्रत्येक पानावर गाय आहे, पण कागद बरा आहे.

ऑक्टोबरात काय झालं ते लिहून ठेवतो. दारावर तारा लावला होता, म्हणजे ह्या घरात बिअर मिळेल अशी गावाला खूण, खोली माणसांनी भरली होती. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरचा गिर्गल ग्लासात नाक घालून म्हणाला, वेंडेल, लेका, बिअर काय पावसात भिजलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवली होतीस? सगळे हसले. मग अर्धे भरलेले ग्लास परत यायला लागले. सतरा आले. आमच्या घरात माझ्या आजोबांपासून एकही अर्धा ग्लास परत आलेला नाही.

त्या रविवारी बायको, त्सेंत्सी, म्हणाली, अहो, अजून एकदा करून बघा, मग तळघराची किल्ली गेर्लिंडेला देऊन टाका. गेर्लिंडे म्हणजे आमची सून. ती मान खाली घालून बटाटे सोलत राहिली. म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं. मी म्हणालो, कबूल. मार्चमध्ये तारा लागल्यावर एक जरी ग्लास अर्धा परत आला, तर किल्ली तिची. कुठल्याही टेबलावरचा, कोणाच्याही हातचा, अगदी माझ्याही. 

किल्ली स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्यावर असते. चव्वेचाळीस वर्षं मीच ती काढतो आणि मीच लावतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
लाकडं ओली होती. तरी माल्टचा रस छान उतरला. रात्रभर भट्टीवरच्या पसरट कढईत निवेल. गेर्लिंडे सगळा वेळ चुलीपाशी होती. मी देखरेख केली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
ट्रॅक्टरवरून रस घरी आणला, तळघरातल्या हौदात ओतला, यीस्ट घातलं. त्सेंत्सी म्हणाली, तेरा तारीख आणि त्यात शुक्रवार, उद्या घातलं असतं. मी म्हणालो, तारखेत ऑक्सिजन नसतो.

ही विद्या नोव्हेंबरातली. टाऊन हॉलमध्ये विद्यापीठातल्या एका बाईंचं व्याख्यान झालं. बाई बिअरमध्ये डॉक्टर आहेत. पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, तयार बिअरचा सगळ्यात मोठा शत्रू ऑक्सिजन, त्यानेच तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बुटांचं खोकं मला तिथल्या तिथे उमगलं. मुद्दा कळल्यावर मी मध्यंतरात उठून आलो. गेर्लिंडे शेवटपर्यंत बसली, वर चहाही घेतला. मी शाळेत आठ वर्षं होतो, त्यातली शेवटची दोन बटाट्याच्या शेतात गेली, पण मुद्दा कुठे संपतो ते मला कळतं.

१५ फेब्रुवारी, रविवार.
हौदावर हातभर फेस. उत्तम. आजोबांचा नियम: यीस्ट कामाला लागलं की तळघरात मेणबत्ती घेऊन उतरायचं, गुडघ्याइतकी खाली धरायची, ज्योत विझली की मागे फिरायचं. बिअर उकळ्या मारते तेव्हा तिच्यातून गॅस निघतो, जड असतो, तळाशी साचतो. गावात पोराटोरांनाही हे माहीत आहे.

आज मला त्यात नवीन काहीतरी दिसलं. फळ्या बाजूला करून मेणबत्ती हौदात धरली. विझली. म्हणजे हौदात ऑक्सिजन नाही. बाईंनी एवढं यंत्र दाखवलं, किंमत ऐकून घाम फुटला होता, आणि तेच काम आमची मेणबत्ती करते. खात्रीसाठी दिवसभरात अकरा वेळा फळ्या उघडून तपासलं. अकराही वेळा विझली.

१८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.
कपाळावर राख लावून आलो. ईस्टरपर्यंत प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. त्सेंत्सीने केक सोडला. गिर्गलने पत्ते सोडले, दरवर्षी सोडतो आणि शनिवारपर्यंत टिकतो. मी हौद उघडणं सोडलं. सहज उघडतो तेव्हा हवा आत जात असावी, असा संशय येतो आहे. पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, वेंडेलिन, असा त्याग मी पहिल्यांदाच ऐकतो आहे.

१९ फेब्रुवारी.
फक्त एक फळी उचलली. एक फळी म्हणजे हौद नव्हे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
गेर्लिंडे म्हणाली, बाबा, आज पिंपांत भरूया. सातवा दिवस आहे, यीस्टमध्ये अजून थोडा जीव आहे.
मी म्हणालो, जीव आहे म्हणूनच नको. काम चालू असताना कोणी कामगाराला घर बदलायला लावतं का? पूर्ण शांत होऊ दे.
ती म्हणाली, ऑक्टोबरातही तुम्ही पूर्ण शांत होऊ दिलं होतं.
मी म्हणालो, तेव्हा मला ऑक्सिजन माहीत नव्हता.
ती म्हणाली, बाईंनी मध्यंतरानंतर ह्याच्यावरच तर... मी खोकलो. ती वर गेली. किल्ली माझ्या खिशात होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार.
एकही बुडबुडा नाही. मेणबत्ती हौदात धरली. विझली नाही.

पुन्हा धरली. शांतपणे जळत राहिली, देवघरात जळावी तशी. हौदात ऑक्सिजन शिरला आहे.  दोन घोट चाखले. पुठ्ठा लागत नाही, पण लागणार आहे असं लागतं.

झोप नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.
उपाय सापडला. गॅसचा मोठा सिलिंडर आणला, तोच गॅस, बिअरमधून निघतो तो. दुकानदार म्हणाला, आजोबा, तळघरात वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा. मी हो म्हणालो. त्याला बिअरमधलं काय कळतं? तो वेल्डिंगचं सामान विकतो.

विचार असा: आधी प्रत्येक पिंपात गॅस भरायचा, म्हणजे आतली हवा बाहेर. मग हौदाच्या तळाच्या तोटीला नळी लावून बिअर खालच्या पिंपात सोडायची, नळीचं टोक तळाला टेकवून, आवाज न होता. बाईंनीही हेच चित्र काढलं होतं. फक्त बाईंचा हौद बंद होता. आमचा उघडा. खालून बिअर जाईल तशी वरून हवा आत येणार. फळ्यांना फटी आहेत. वर प्लास्टिक पसरलं तर ते फुगतं.

म्हणजे हौदाभोवती, अख्ख्या तळघरातच हवा नको.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
सगळा दिवस तयारी. तळघराला गटाराची जाळी, रस्त्याकडचं पिंपं उतरवायचं भोक आणि वरचं दार एवढ्याच वाटा. भोकात आईची पिसांची जुनी गादी कोंबली. जाळीवर ओलं पोतं टाकून वर वीट ठेवली. दाराच्या फटींसाठी टॉवेल भिजवले. त्सेंत्सीचे चांगले टॉवेल आहेत, वाळले की जागेवर ठेवीन.

गिर्गल रस्त्यावरून जाताना गादी बघून थांबला. म्हणाला, वेंडेल, बिअरला थंडी वाजते का? मी म्हणालो, एप्रिलात तुझा तारा लागेल तेव्हा तूच येशील शिकायला. तो म्हणाला, मी बारा तारखेच्या पुढच्या गुरुवारी भट्टी लावली, माझी सध्या मस्त फसफसते आहे, तुझी कशी आहे? मी गादी आणखी आत कोंबली. असल्या माणसाशी तांत्रिक बोलून उपयोग नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८.४०.
उतरलो. दार आतून लावलं, किल्ली खिशात, फटींत टॉवेल. वही सोबत आहे, प्रत्येक पायरीची नोंद होईल. चौदा पायऱ्या. मेणबत्ती खाली पिंपांपाशी ठेवली. विजेचा दिवा चालू. सहा पिंपं ओळीत. सिलिंडरची तोटी उघडली. सापासारखा आवाज.

८.५५
पहिल्या पिंपात गॅस. तोंडाशी काडी धरली, विझली. दुसऱ्यात विझली. सहाही पिंपं झाली. इतकं सोपं काम आणि बाई दोन तास बोलत होत्या. अर्थात मी एकच तास बसलो.

९.०५
आता हौदावर आणि खोलीत. तोटी पूर्ण उघडली. नाकात झणझणतं आहे, सोडावॉटर घाईने प्यायल्यावर येतं तसं. हे चांगलं लक्षण.

९.१२
जमिनीवरची मेणबत्ती आडवी झाली, निळी झाली, विझली.
तळघरात ऑक्सिजन उरलेला नाही. चव्वेचाळीस वर्षांत हे कोणाला जमलं नाही.

९.१५
पहिल्या पिंपात बिअर सोडली. नळीतून सोनेरी. एक बुडबुडा नाही. गुडघ्यांवर बसून बघतो आहे. धाप लागली आहे. आनंदाने लागते.

९.२५
पहिलं भरलं. झाकण घट्ट. दुसऱ्याला नळी. डोकं ठणकतं. रात्री झोप झाली नव्हती. सिलिंडर अजून बोलतो आहे, बोलू दे.

९.३०
दुसऱ्याला नळी. हे वर लिहिलं आहे. ठीक.

९.३२
गेर्लिंडे दारावर. म्हणाली, बाबा, ब्रेड आणि मुळा ठेवलाय, वर या. दार का उघडत नाही?
मी म्हणालो, उघडू नकोस, हवा येईल.
ती म्हणाली, तुमचा आवाज असा का येतोय? खाली मेणबत्ती आहे ना?
मी म्हणालो, होती. विझली. एकदाची.
 ती दार धक्के मारून हलवायला लागली. मी ओरडलो, टॉवेल पडतील. ओरडायला दम पुरला नाही. पायरीवर बसावं म्हटलं तर पायरी लांब आहे. तिसरं पिंप

तिसरं की दुसरं. अक्षर नीट येत नाही, पेन्सिल बोथट.

गेर्लिंडे वरून म्हणते, बाबा, गिर्गल शिडी घेऊन आलाय, आपल्या दारावर तारा लावतोय.
फेब्रुवारीत. बिअर पिंपांत नाही आणि तारा. संध्याकाळी अख्खा गाव येईल आणि मी काय देऊ. वर जातो त्याला

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. इस्पितळ.
पेन्सिल नर्सकडून घेतली.

कालचं आठवतं तेवढं: चौदा पायऱ्या मी हातापायांवर चढलो, गिर्गलला शिव्या घालत. वरच्या पायरीवर कुलपाला किल्ली लागेना. गेर्लिंडे पलीकडून एकसारखी बोलत होती. बाबा, त्याने पहिला खिळा ठोकला. बाबा, पाद्रीबाबा ग्लास घेऊन उभेत. किल्ली फिरली. दार उघडलं आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. शिडी नव्हती. तारा पोटमाळ्यावर होता. सून माझ्याशी खोटं बोलली, हे मी विसरणार नाही.

ती गावच्या बंबवाल्यांत आहे. तिने आधीच भोंगा वाजवला होता. आठ जण आले, आठही जण बिअरवाल्या घरांतले. त्यांत गिर्गल होताच. गादी उपटून रस्त्यावर फेकली. तळघराच्या भोकाला ट्रकच्या चाकाएवढा पंखा लावला आणि चाळीस मिनिटं ताजी थंड हवा आत मारली. माझ्या उघड्या हौदावर. मी अंगणातल्या बाकावर होतो, सगळं दिसत होतं. अरे फळ्या तरी टाका, असं मी म्हणालो, पण तोंडावर मास्क होता. मास्कातून ऑक्सिजन येत होता. मी दोनदा काढला. गिर्गलने दोनदा परत लावला आणि म्हणाला, श्वास घे, वेंडेल, हा तुझ्या बिअरचा नाही, तुझ्या वाट्याचा आहे.

मग माझा हात धरून बसला, सोडेना. म्हातारा झाला आहे.

डॉक्टर म्हणाल्या, आणखी पाच मिनिटं थांबला असता तर. वाक्य पूर्ण केलं नाही. मग म्हणाल्या, दोन महिने बिअर अर्धा ग्लास, त्याच्या वर नाही. त्सेंत्सीने ते कागदावर लिहून घेतलं. ती रडली होती. मी म्हणालो, टॉवेल परत ठेवायचे राहिले. ती अजून रडली.

१ मार्च, रविवार.
घरी. दुसरं पिंप ओसंडून वाहत राहिलं होतं, पंखा लागेपर्यंत कोणाला खाली उतरता येत नव्हतं. पिंपभर बिअर गटारात गेली. पोत्यामुळे तीही पटकन गेली नाही.

उरलेली बिअर गेर्लिंडेने भरली. नळीने, गॅस न वापरता, दार आणि रस्त्याकडचं भोक उघडं ठेवून. मी विचारलं, आणि हवा? ती म्हणाली, प्रत्येक पिंपात गिर्गलकाकांच्या हौदातली फसफसती बिअर घातली, दोन बादल्या दिल्या त्यांनी. जिवंत यीस्ट पिंपात गेलं की हवा तेच खाऊन टाकतं. बाईंनी मध्यंतरानंतर हेच सांगितलं, बाबा. म्हणूनच सातव्या दिवशी भरा म्हणत होते.

मी म्हणालो, मला हे साधारण माहीत होतं.

गिर्गलच्या दोन बादल्या. आमच्या पिंपांत. बराच वेळ गाईच्या चित्राकडे बघत बसलो.

८ मार्च, रविवार.
किल्ली खिळ्यावरच आहे. कोणी काढून घेतली नाही. अट अटच आहे, मार्चअखेर ठरेल. आज खाली जाऊन पिंपं बघावीत म्हटलं. दारापर्यंत गेलो. गुडघा दुखत होता.

१४ मार्च, शनिवार.
दारापर्यंत गेलो. चपला बरोबर नव्हत्या.

२१ मार्च, शनिवार.
गेर्लिंडेने विचारलं, बाबा, मी खाली जातेय, येता का? मी म्हणालो, इतक्या वेळा उघडबंद केलं की हवा जाते, तूच जा. तिने मेणबत्ती पेटवली, गुडघ्याइतकी खाली धरली आणि उतरली. मी वरच्या पायरीशी उभा राहून ज्योत बघत होतो. ती परत येईपर्यंत ज्योत होती. उगाच उभा होतो, दुसरं काम नव्हतं.

२७ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.
तारा मी लावला. शिडी गिर्गलने धरली. म्हणाला, ह्या वेळी खरा लावतोयस ना? मी खाली उतरेपर्यंत उत्तर दिलं नाही. शिडी त्याच्या हातात होती.

परत येणारे ग्लास घ्यायला मी मोरीपाशी खुर्ची टाकून बसणार आहे. प्रत्येक ग्लास माझ्या डोळ्यांखालून जाईल. फसवणूक नको.

त्याच दिवशी, रात्री.
उपवासाचे दिवस, शुक्रवार, म्हणून मांस नाही, चीज आणि मुळा. तरी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. मेणबत्तीचा किस्सा सहा टेबलांवर सहा प्रकारे चालू होता. एकात मी मेलोही होतो. गिर्गलने ग्लासात नाक घातलं.  त्याने बराच वेळ नाक आत ठेवलं. मग पिऊन टाकला आणि दुसरा मागितला. म्हणाला, बरी आहे, दोन बादल्या चांगल्या दिसतात.

रिकामे ग्लास: एकशे शहाण्णव. अर्धे: शून्य.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी.
तिसरा दिवस. पिंपं संपत आली. शनिवारी शून्य, आज आतापर्यंत शून्य. त्सेंत्सी मोरीपाशी आली तेव्हा तिला सांगितलं, अट आठवते ना? किल्ली खिळ्यावर राहील. ती म्हणाली, राहू दे हो. गेर्लिंडेही म्हणाली, बाबा, तुमचीच आहे. दोघींचे चेहरे बरे होते. मी जिंकलो आहे. उद्यापासून तळघरात उतरावं लागेल. म्हणजे, उतरायला मिळेल.

शेवटी मीही टेबलावर बसलो, गिर्गलसमोर. गेर्लिंडेने ग्लास भरून आणला. पुठ्ठा शोधला. प्रत्येक घोटात शोधला. नाही सापडला. हे लिहायला जड जातं: इतकी चांगली बिअर माझ्या हातून कधी झाली नव्हती. त्सेंत्सी मागून येऊन म्हणाली, अहो, अर्धा झाला. मी ग्लास खाली ठेवला आणि मोरीपाशी जाऊन बसलो.

७.५०
शेवटचा ट्रे आला. त्यात एक ग्लास अर्धा.

मी उठून उभा राहिलो. विचारलं, कोणत्या टेबलावरचा?  गेर्लिंडे म्हणाली, जाऊ दे ना बाबा. मी म्हणालो, जाऊ दे कसं, माणूस दाखव. गिर्गल म्हणाला, वेंडेल, बस खाली. मी म्हणालो, ज्याने तीन दिवसांत आमच्या घरची बिअर टाकली त्याचं तोंड बघायचं आहे.

मी ग्लास उजेडात धरला. मग ग्लासाच्या कडेला फेसात माझ्याच मिशीचा ठसा दिसला.

३० मार्च, सोमवार.
तारा उतरवला. मी म्हणालो, डॉक्टरांनी ठरवून दिलेला अर्धा ग्लास अटीत धरता येत नाही. त्सेंत्सी म्हणाली, कोण धरतंय? मी म्हणालो, तरी कोणाच्याही हातचा, अगदी माझ्याही, असं मीच बोललो होतो, आणि माणसाने बोललेलं पाळावं. किल्ली खिळ्यावरून काढून गेर्लिंडेच्या हातात ठेवली. ती नको म्हणत होती. मी जरा रागावलो, तेव्हा घेतली.

खिळ्याला टोपी अडकवली. बरोबर बसते.

तिने मेणबत्ती पेटवली आणि खाली गेली. रात्री झोप उत्तम लागली. कालच्या अर्ध्या ग्लासाचा परिणाम असावा.